मोठा पण स्वस्त टीव्ही घेताना: चित्राची पारख आणि पैशाचा हिशेब

साधारण २५ ते ४० हजार रुपयांत ५५ इंची फोर के टीव्ही घेणाऱ्यांची चूक बहुधा क्रमात होते. आधी सवलत दिसते, मग आकार ठरतो, दुकानात पडदा लखलखीत दिसतो म्हणून बिल होते, आणि टीव्ही भिंतीवर चढल्यावर केबलवरच्या मालिका धूसर का दिसतात, रात्रीच्या प्रसंगातला काळोख करडा का दिसतो, हे प्रश्न सुरू होतात. या किमतीचा प्रत्येक टीव्ही कुठे ना कुठे काटकसर करूनच बनवलेला असतो. ती काटकसर नेमकी कशात केली आहे आणि तिचा आपल्या घरात त्रास होईल की नाही, हे पैसे देण्यापूर्वी ओळखणे हाच या कामाचा गाभा आहे. त्यासाठी पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले दोन टप्पे घरी बसून करायचे आहेत आणि बहुतेक जण नेमके तेच गाळतात.

## टप्पा १: घरातली मापे

टीव्हीचे इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, रुंदीचे नव्हे. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो, ५५ इंची सुमारे १२२ बाय ६८ आणि ६५ इंची सुमारे १४४ बाय ८१. कडांची चौकट त्यात थोडी भर घालते. ५५ वरून ६५ इंचांवर गेलो की पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे "दहाच इंच तर जास्त आहे" हा हिशेब फसवा ठरतो.

बसण्याचे अंतर मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावू नये. दहा फुटांच्या खोलीत सोफ्याची खोली आणि टीव्हीची जाडी वजा केली की डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सात-साडेसात फूटच उरतात. हे अंतर इंचांत घेऊन त्याला १.६ ने भागावे. येणारा आकडा फोर के आणि चांगल्या एचडी चित्रासाठी सोयीचा असतो. सात फूट म्हणजे ८४ इंच, त्याला १.६ ने भागल्यावर ५२ येतात, म्हणजे ५० किंवा ५५ इंची टीव्ही योग्य. आठ फुटांवर ६० येतात, तेव्हा ५५ किंवा ६५ यांतला निर्णय पुढच्या टप्प्यावर सोडावा.

टीव्ही टेबलावर ठेवायचा असेल तर पायांमधले अंतर आधी पाहावे. स्वस्त मोठ्या टीव्हींना मधला एकच स्टँड क्वचित मिळतो. दोन पाय दोन टोकांना असतात आणि ५५ इंची टीव्हीचे पाय जुन्या शोकेसच्या बाहेर लोंबकळण्याची शक्यता असते. भिंतीवर लावायचा असेल तर भिंत विटांची आहे, हलक्या ब्लॉकची आहे की नुसते पार्टिशन आहे, हे पाहावे, कारण स्क्रू आणि प्लग त्यानुसार बदलतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा. आपल्याकडे टीव्ही दाराच्या चौकटीच्या उंचीवर टांगण्याची जी प्रथा पडली आहे, ती मानेलाही वाईट आणि चित्रालाही, कारण खालून पाहिल्यावर अनेक पॅनेलचे (चित्र उमटवणाऱ्या पडद्याचे) रंग फिके पडतात.

पडताळणी: मनात असलेल्या आकाराएवढे वर्तमानपत्र जोडून भिंतीवर चिकटवावे आणि संध्याकाळभर तसेच राहू द्यावे. खिडकीतला उजेड कोणत्या वेळी त्यावर पडतो आणि घरातले लोक कोणकोणत्या कोनातून बसतात, हे कागदावर टिपून ठेवावे. पुढे पॅनेल निवडताना हीच टिपणे लागतील.

## टप्पा २: घरात प्रत्यक्ष काय पाहिले जाते

फोर के पडद्यावर ३८४० बाय २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख, तर साध्या एसडी वाहिनीच्या ७२० बाय ५७६ च्या चित्रात जेमतेम ४ लाख. म्हणजे केबलवरची एसडी मालिका लावली की टीव्हीला आलेल्या एका ठिपक्याचे वीस ठिपके स्वतः तयार करावे लागतात. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो आणि स्वस्त टीव्हीतली मोठी काटकसर तिथेच केलेली असते. पडदा जितका मोठा, तितकी ती उघडी पडते.

म्हणून एक प्रामाणिक यादी करावी: आठवड्यातले किती तास एसडी वाहिन्या, किती तास एचडी वाहिन्या, किती तास ओटीटी, किती तास क्रिकेट, किती तास गेम. घरात आई-बाबा दिवसभर एसडी वाहिन्या पाहत असतील आणि फोर केचा चित्रपट महिन्यातून एकदा लागत असेल, तर अंतर परवानगी देत असले तरी एक आकार खाली उतरावे, किंवा सेट टॉप बॉक्स आणि वाहिन्यांचा पॅक एचडी करून घेण्याचा खर्च टीव्हीच्या किमतीत धरावा. माझ्या मते बहुतेक घरांत हा दुसरा खर्च जास्त उपयोगी पडतो.

ओटीटीच्या बाबतीतही योजना पाहावी. नेटफ्लिक्सची बेसिक योजना ७२०पी पर्यंतच चित्र देते, फोर के फक्त प्रीमियम योजनेत मिळते आणि त्यासाठी १५ एमबीपीएस किंवा अधिक वेगाची जोडणी नेटफ्लिक्स सुचवते. टीव्ही जिथे लागणार तिथे फोन धरून वायफायचा वेग मोजावा. राउटर दुसऱ्या खोलीत आणि मध्ये दोन भिंती असतील, तर तो कागदावरच्या वेगापेक्षा बराच कमी निघतो.

## टप्पा ३: तपशीलपत्रक वाचणे

दुकानात जाण्यापूर्वी दोन-तीन मॉडेल निवडून त्यांची तपशीलपत्रके कंपनीच्या संकेतस्थळावर वाचावीत. "फोर के" या शब्दावर वेळ घालवू नये, ते या गटात सर्वांकडे असते. खालच्या गोष्टींमध्ये मात्र फरक पडतो.

पॅनेल. पॅनेल मुख्यतः दोन जातींचे असते. व्हीए पॅनेलचा मूळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडातले प्रमाण, साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे अंधारात काळा रंग काळा दिसतो. पण बाजूला बसल्यावर रंग उडाल्यासारखे वाटतात. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो. बाजूने चित्र बरे दिसते, पण दिवे मालवले की काळा रंग राखाडी होतो. रात्री दिवे बंद करून समोरून पाहणाऱ्यांनी व्हीए घ्यावे. लांबट हॉलमध्ये जेवणाच्या टेबलापासून दिवाणापर्यंत सगळीकडून टीव्ही पाहिला जात असेल तर आयपीएस सोयीचे. कंपन्या पॅनेलचा प्रकार अनेकदा लिहीतच नाहीत, आणि कंपनीच्या एकाच मॉडेल-मालिकेतल्या ५० व ५५ इंची टीव्हीत वेगवेगळी पॅनेल असू शकतात. म्हणून ४३ इंची टीव्हीचे परीक्षण वाचून ५५ इंची विकत घेऊ नये. लाखोंमध्ये सांगितलेला "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" निर्णयाच्या कामाचा नाही.

बॅकलाइट. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही, मागचे एलईडी देतात. या किमतीत बहुधा पडद्यामागे एलईडींच्या पट्ट्या असतात आणि त्या सगळ्या एकदम मंद किंवा तेज होतात. पडद्याचे भाग पाडून प्रत्येक भागाचा उजेड स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याच्या सोयीला लोकल डिमिंग म्हणतात. ती खरोखर असेल तर चित्रातला फरक इतर कोणत्याही सोयीपेक्षा मोठा असतो. "मायक्रो डिमिंग" असे लिहिलेले असेल तर ते बहुधा केवळ चित्रावरचे संगणकीय संस्करण असते, मागचे दिवे तसेच राहतात. झोनची संख्या दिलेली नसेल तर लोकल डिमिंग नाही असे धरून चालावे.

उजेड आणि एचडीआर. स्वस्त टीव्हीचा उजेड साधारण २५० ते ३५० निट्स (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर एचडीआर, म्हणजे अतितेजस्वी आणि गडद भाग एकत्र नीट दाखवणारे, चित्रपट बहुधा १००० निट्स किंवा त्याहून तेजस्वी पडदा गृहीत धरून तयार केलेले असतात. त्यामुळे खोक्यावरचे "एचडीआर १०" म्हणजे टीव्ही तो संकेत स्वीकारतो, एवढाच अर्थ घ्यावा. अशा टीव्हीवर एचडीआर चित्र कधीकधी साध्या चित्रापेक्षा काळपट दिसते. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रगत प्रकाराची सोय असली तर उपलब्ध उजेडात चित्र बरे बसवले जाते, पण नसलेला उजेड तीही आणू शकत नाही. निट्सचा आकडा दिलेला नसेल आणि खोलीत दिवसा भरपूर ऊन येत असेल, तर ते मॉडेल यादीतून काढावे.

रंग. क्यूएलईडी हा एलसीडीचाच प्रकार आहे. त्यात क्वांटम डॉटचा थर असल्याने लाल-हिरवे रंग अधिक शुद्ध दिसतात. डीसीआय-पी३ या चित्रपटांसाठी ठरवलेल्या रंगपट्टीचा ९० टक्क्यांहून जास्त भाग दिलेला असेल तर दावा अर्थपूर्ण आहे. "१०७ कोटी रंग" हा आकडा १० बिट पॅनेलचा असतो आणि ८ बिट पॅनेलचा १.६७ कोटी, पण ८ बिट पॅनेलवर ठिपके वेगाने लुकलुकवून १०७ कोटींचा आभास निर्माण केला तरी खोक्यावर तोच आकडा छापतात. घरगुती वापरात हा आभास बहुधा पुरतो.

रिफ्रेश रेट. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते यावरून कळते आणि ते हर्ट्झमध्ये सांगतात. इथे सर्वांत जास्त फसगत होते. या किमतीच्या टीव्हीचे पॅनेल सहसा ६० हर्ट्झचे असते. "१२० हर्ट्झ डीएलजी" असे लिहिलेले असेल तर १२० हर्ट्झवर दोन-दोन ओळी एकदम चालवल्या जातात, म्हणजे उभ्या दिशेची स्पष्टता निम्मी होते. "मोशन रेट २४०" सारखे आकडे तर जाहिरातीचेच. एमईएमसी म्हणजे व्हिडिओच्या दोन चौकटींच्या (फ्रेमच्या) मध्ये टीव्हीने स्वतः बनवलेल्या चौकटी; क्रिकेटला ती थोडी मदत करते, चित्रपटाला मात्र मालिकेसारखा गुळगुळीतपणा आणते, म्हणून ती बंद करता येते का हे पाहावे.

प्रणाली आणि जोडण्या. अधिकृत गुगल टीव्ही आणि केवळ अँड्रॉइडवर बेतलेली प्रणाली यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात वाइडवाइन एल१ हे चित्राच्या चोरीपासून संरक्षणाचे प्रमाणपत्र नसेल तर फोर के पडद्यावरही ओटीटीचे चित्र एसडी दर्जाचेच येते, आणि काहींवर नेटफ्लिक्स चालतच नाही. रॅम २ जीबीपेक्षा कमी नसावी. एचडीएमआयची तीन पोर्ट असावीत, त्यांतले एक एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारे) असावे, म्हणजे साउंडबार एका वायरीवर चालतो.

सावधान: तपशीलपत्रकात जी गोष्ट लिहिलेली नाही ती विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावरून आहे असे धरू नये. हवी तर बिलावर लिहून मागावी. बहुतेकदा तिथेच उत्तर मिळते.

## टप्पा ४: परीक्षेचा पेन ड्राइव्ह

दुकानातला डेमो व्हिडिओ टीव्ही चांगला दिसावा म्हणूनच बनवलेला असतो: चढे रंग, संथ हालचाल, काळ्या पार्श्वभूमीवर रत्ने आणि फुले. त्यावरून कोणताही टीव्ही नापास होत नाही. म्हणून स्वतःचे साहित्य न्यावे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केल्यास तो बहुतेक टीव्हींवर चालतो, मात्र त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही; छोट्या क्लिप पुरेशा आहेत. त्यात पुढील गोष्टी ठेवाव्यात.

1. पूर्ण पडद्याची एकरंगी चित्रे: काळे, पांढरे, लाल, हिरवे, निळे, मध्यम राखाडी आणि अगदी गडद राखाडी.
2. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू बदलणारी एक पट्टी.
3. आपल्या फोनवर फोर केमध्ये घेतलेला घरातल्या माणसाच्या चेहऱ्याचा व्हिडिओ, खिडकीच्या उजेडात. ज्या त्वचेचा रंग आपण रोज पाहतो, तिच्यातली चूक डोळ्यांना लगेच कळते.
4. मैदानावर किंवा मोकळ्या आभाळाकडे फोन हळूहळू आडवा फिरवत घेतलेला व्हिडिओ.
5. रात्री कमी उजेडात घेतलेला व्हिडिओ, ज्यात काळे केस आणि गडद कपडे असतील.
6. एसडी दर्जाची एखादी जुनी घरगुती क्लिप, लग्नाच्या जुन्या डीव्हीडीतली चालेल. केबलचे चित्र घरी कसे दिसेल याचा अंदाज यावरूनच येतो.

सावधान: अनेक टीव्ही पेन ड्राइव्हवरचे फोटो फोर केऐवजी १०८०पीमध्येच दाखवतात. त्यामुळे बारकावे फोटोवरून तपासू नयेत. त्यासाठी व्हिडिओच वापरावा. एकरंगी चित्रांना ही अडचण नाही.

## टप्पा ५: दुकानातली परीक्षा

शक्यतो सकाळी किंवा मंगळवार-बुधवारी जावे. दिवाळीच्या आदल्या रविवारी सेल्समन रिमोट हातात देणार नाही, आणि रिमोट हातात आल्याशिवाय ही परीक्षा होत नाही. मोठ्या साखळी दालनापेक्षा ओळखीच्या गल्लीतला विक्रेता याला लवकर तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

पहिले काम: स्टोअर मोड बंद करणे. दुकानातला टीव्ही सहसा स्टोअर मोडमध्ये असतो. त्यात उजेड आणि रंग कमाल ठेवलेले असतात. सेटिंगमध्ये जाऊन होम मोड निवडावा, मग चित्राचा प्रकार "मूव्ही" किंवा "सिनेमा" करावा. टीव्ही एकाएकी पिवळसर आणि मंद वाटेल. दोन मिनिटे तसेच पाहत राहावे, डोळे सरावतात. शेजारच्या टीव्हीशी तुलना करायची असेल तर तोही याच स्थितीत आणावा. एक "व्हिव्हिड" या भडक प्रकारावर आणि दुसरा "मूव्ही"वर ठेवून केलेली तुलना निरर्थक आहे.

दुसरे काम: समान उजेड. मध्यम राखाडी चित्र लावून तीन-चार पावले मागे सरकावे. पडद्यावर डाग, उभे पट्टे किंवा कोपऱ्यांत काळपटपणा दिसतो का ते पाहावे, मग मैदानाचा व्हिडिओ लावावा. क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी हा दोष सर्वांत त्रासदायक, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो तेव्हा हिरव्या मैदानावरून मळकट काच सरकल्यासारखी वाटते. थोडी असमानता प्रत्येक स्वस्त टीव्हीत असते. मैदानाच्या व्हिडिओत ती डोळ्यांत भरली तरच नापास करावे.

तिसरे काम: काळोख. गडद राखाडी आणि काळे चित्र लावावे. दुकानातले दिवे बंद होणार नाहीत, तेव्हा दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून पडद्याजवळ जावे. काळ्या चित्रात कोपऱ्यांतून किंवा कडेने प्रकाश झिरपतो का, मधे ढगासारखे उजळ चट्टे आहेत का, हे दिसते. मग रात्रीचा व्हिडिओ लावून काळ्या केसांच्या बटा वेगळ्या दिसतात की केसांचा एकसंध गोळा होतो, ते पाहावे. आधीचे चित्र काळ्याच्या खोलीची आणि हा व्हिडिओ सावलीतल्या तपशिलाची परीक्षा घेतो, आणि एका परीक्षेत उत्तीर्ण झालेला टीव्ही दुसरीत अनुत्तीर्ण होऊ शकतो.

चौथे काम: कोन. चेहऱ्याचा व्हिडिओ चालू ठेवून पडद्याच्या बाजूला ४५ अंशांपर्यंत जावे, मग गुडघ्यांवर बसून खालून पाहावे. टप्पा १ मध्ये टिपलेल्या जागा आठवाव्यात. घरात कोणी बसतच नसेल त्या कोनातून चित्र बिघडते म्हणून चांगला काळा रंग देणारा टीव्ही सोडून देऊ नये.

पाचवे काम: पट्टी. काळ्या-पांढऱ्या पट्टीत बदल सलग दिसावा. जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या तर सूर्यास्ताच्या आभाळात, पाण्याखालच्या दृश्यांत त्या दिसत राहणार. त्या पट्टीत मधेच गुलाबी किंवा हिरवी झाक येत असेल तर पांढऱ्याचा समतोल बिघडलेला आहे. थोडी झाक सेटिंगने सुधारते, खूप असेल तर नाही.

सहावे काम: एसडी आणि हालचाल. जुनी क्लिप लावून घरातल्याइतक्याच अंतरावर उभे राहावे. चेहऱ्यांच्या कडांवर पांढरी रेघ दिसत असेल तर शार्पनेस शून्याकडे आणून पुन्हा पाहावे. तो चढवून ठेवणे ही कारखान्याची सवय आहे. शेवटी मेन्यूत भराभर इकडेतिकडे फिरावे, एखादे ॲप उघडून बंद करावे. दुकानातल्या नव्याकोऱ्या टीव्हीचा मेन्यूच अडखळत असेल तर दोन वर्षांच्या अपडेटनंतर तो काय करील हे सांगायला नको.

सातवे काम: आवाज. दुकानातल्या गोंगाटात सगळे सारखेच वाटतात, म्हणून यावर वेळ घालवू नये. संवाद कळतात का, एवढे पाहावे आणि साउंडबारसाठी थोडी रक्कम बाजूला धरावी.

पडताळणी: परीक्षा घेतलेल्या टीव्हीच्या मागचे पूर्ण मॉडेल नाव, शेवटच्या अक्षरांसकट, फोटो काढून ठेवावे. एका अक्षराच्या फरकाने वेगळे पॅनेल असलेला टीव्ही गळ्यात पडू शकतो. आणि डेमो पीस घेऊ नये. तो दिवसाला दहा-बारा तास कमाल उजेडावर चाललेला असतो.

## टप्पा ६: किमतीचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीच्या किमतीशी तुलना करून "मोठी सवलत" सांगणाऱ्या पाट्यांकडे दुर्लक्ष करावे. एमआरपीवरून काढलेली सवलतीची टक्केवारीही निरुपयोगी असते, कारण एमआरपीला हे टीव्ही विकले जात नाहीत. त्याच मॉडेलची किंमत आज तीन ठिकाणी किती आहे, ही एकच तुलना खरी.

मग त्या किमतीत पुढचे खर्च मिळवावेत: भिंतीचा स्टँड आणि बसवणी, एचडी सेट टॉप बॉक्स, साउंडबार, सर्ज प्रोटेक्टर, आणि एचडीएमआय केबल. जुन्या टीव्हीच्या एक्स्चेंजची रक्कम आधी मांडू नये. टीव्ही उचलायला आलेला माणूस पडद्यावरचा ओरखडा पाहून ती कमी करू शकतो. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क आपल्यालाच भरावे लागते. रोख किमतीत जास्त सूट मिळत असेल तर दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहावेत.

वॉरंटी वाचताना दोन प्रश्न विचारावेत: पॅनेलला किती वर्षे, आणि दुरुस्ती घरी येऊन की सेवा केंद्रावर. पॅनेल बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो, त्यामुळे एका वर्षाऐवजी दोन वर्षांची पॅनेल वॉरंटी असलेला टीव्ही दीड-दोन हजार महाग असला तरी तो घ्यावा. आपला तालुका कंपनीच्या सेवा क्षेत्रात येतो का, हे पिनकोड टाकून आधीच तपासावे. पुण्या-मुंबईत चार दिवसांत येणारा तंत्रज्ञ आडगावात तीन आठवडे येत नाही. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि एखाद-दुसरा मेलेला ठिपका बऱ्याच कंपन्या दोष मानत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

पॅनेल, उजेड आणि वॉरंटी यांपैकी दोन गोष्टी चांगल्या आणि आकार एक पायरी कमी, असा टीव्ही मी मोठ्या पण तिन्ही बाबतींत कच्च्या टीव्हीपेक्षा नेहमी वर ठेवतो.

## टप्पा ७: घरी आल्यावरचे पहिले दहा दिवस

ऑनलाइन घेतलेला टीव्ही असो वा दुकानातून आलेला, घरी आलेला पीस परीक्षा दिलेला नसतो, त्याच मॉडेलचा दुसरा असतो. म्हणून परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

1. खोका उभाच आणलेला आहे का आणि कोपरे चेपलेले नाहीत ना, हे ओटीपी देण्यापूर्वी पाहावे. मोठा पडदा आडवा टाकून आणला तर आत तडा जाऊ शकतो आणि तो टीव्ही चालू केल्याशिवाय दिसत नाही.
2. खोक्यावरचे मॉडेल नाव, निर्मितीचा महिना आणि वर्ष यांचे फोटो काढावेत.
3. कंपनीचा तंत्रज्ञ खोका उघडणार असेल तर त्याच्या येण्यापूर्वी उघडू नये. उघडतानाचा व्हिडिओ सलग घ्यावा, थांबवून-जोडून नव्हे.
4. भिंतीला भोके पाडण्यापूर्वी टीव्ही टेबलावर किंवा जमिनीवर उभा धरून चालू करायला सांगावा आणि एकरंगी चित्रे दाखवावीत. हे दहा मिनिटांचे काम आहे. तंत्रज्ञ घाई करील, तरीही करून घ्यावे.
5. त्याच रात्री दिवे बंद करून काळे आणि गडद राखाडी चित्र पाहावे. दुकानात जे दिसले नाही ते इथे दिसेल.

बदलून देण्याची मुदत सहसा सात ते दहा दिवसांची असते आणि ती टीव्ही हातात पडल्यापासून मोजली जाते, बसवल्यापासून नव्हे. "गृहप्रवेशानंतर लावू" म्हणून खोका पंधरा दिवस तसाच ठेवणाऱ्यांचे हक्काचे दिवस त्यातच संपतात. तक्रार फोनवर न करता ॲप किंवा ईमेलने, फोटो जोडून करावी. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

सावधान: काळ्या चित्राचा फोटो फोनवर काढला की फोन स्वतः उजेड वाढवतो आणि साधा झिरपा भयंकर दिसतो. डोळ्यांना जे दिसते त्यावरच निर्णय घ्यावा.

## टप्पा ८: चित्र बसवणे

टीव्ही ठीक निघाला की चित्र सेटिंगला अर्धा तास द्यावा. क्रम असा: आधी चित्राचा प्रकार "मूव्ही", मग रंगाचे तापमान "वॉर्म", मग शार्पनेस शून्य किंवा पाच-दहा, मग नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. केबलच्या एसडी चित्रासाठी नॉइज रिडक्शन "लो" ठेवल्यास चालते. बॅकलाइट शेवटी, खोलीच्या उजेडाप्रमाणे: दिवसा जास्त, रात्री कमी. बॅकलाइट आणि ब्राइटनेस यांची गल्लत फार जण करतात. बॅकलाइटने दिव्यांचा उजेड बदलतो. ब्राइटनेसने बऱ्याच टीव्हींत काळ्याची पातळी बदलते आणि तो चढवला की काळोख करडा होतो. तो मूळ आकड्यावरच राहू द्यावा. ऊर्जाबचतीची सेटिंग चालू असेल तर टीव्ही आपोआप मंद होत राहतो. चित्र उगाच काळवंडल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ तिथे असते.

सेट टॉप बॉक्सचे आउटपुट एचडी बॉक्स असल्यास १०८०आय किंवा १०८०पी वर ठेवावे आणि पडद्याचा आकार असा निवडावा की चित्राच्या कडा कापल्या जाणार नाहीत. वाहिनीचा लोगो किंवा खालची बातमीपट्टी अर्धी दिसत असेल तर कडा कापल्या जात आहेत असे समजावे. फोर के स्ट्रीमिंग स्टिक किंवा गेमचे यंत्र जोडले असेल तर ज्या एचडीएमआय पोर्टमध्ये ते आहे त्याचे सेटिंग "एनहान्स्ड" करावे, अन्यथा फोर के एचडीआर संकेत पूर्णपणे येत नाही.

पावसाळ्यात विजांचा धोका फक्त विजेच्या तारेतून नसतो, केबल आणि डिशच्या वायरीतूनही असतो. म्हणून कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर ती वायरही काढावी. एवढे झाल्यावर एकच काम राहते. बहुतेक टीव्ही ही सेटिंगे प्रत्येक इनपुटसाठी आणि साधे, एचडीआर व डॉल्बी व्हिजन अशा प्रत्येक संकेतासाठी वेगळी जपतात, त्यामुळे सेट टॉप बॉक्सवर बसवलेले चित्र ओटीटीवर लागू होत नाही. प्रत्येक प्रकारचा एकेक कार्यक्रम लावून हीच सेटिंगे पुन्हा करावीत आणि शेवटी प्रत्येकाचा फोटो काढून ठेवावा, कारण सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती मूळ स्थितीत जाऊ शकतात.